कुरडयांवरची काजळी

७ मार्च १९९९

गाडी आली! रखमानं गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दिला तेव्हा मी पाचवीचे पेपर तपासत होते. लाल पेन हातात तसंच धरून धावले. सहाचाकी, टर्बोवाली, आधीच्या मालकानं मागच्या फळीवर काढून घेतलेला मोर अजून शाबूत. सेकंड हँड असली तरी आमच्यासाठी कोरीच. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. शेजारची गोजरबाई भाकरतुकडा ओवाळायला आली आणि म्हणाली, "बाई, आता ह्याच गाडीत नवरी बसवून आना." रखमा नुसता हसला. बत्तीस वर्षांचा घोडा झाला तरी लाजतो मेला.

फंडातून काढून मी ही गाडी का घेतली ते इथे लिहून ठेवते, कारण शाळेत द्वारकाबाई मला खुळ्यात काढतात. आई गेली तेव्हा रखमा नऊ वर्षांचा होता आणि मी नुकतीच नोकरीला लागलेली. तेव्हापासून तो माझ्या ताटात जेवला. स्थळं मलाही आली होती, पण भावाला सोबत घेऊन ये म्हणणारं एकही नव्हतं, मग मी तो विषयच मिटवला. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की मोठा झाला आणि परक्यांच्या गाड्या घेऊन नांदेड, निझामाबाद, पार विजयवाड्यापर्यंत हिंडायला लागला. महिन्यातून दोन दिवस घरी, त्यातला एक झोपण्यात. आता स्वतःच्या गाडीला जवळची भाडी घ्यायची, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मला दुसरं काही नको. रखमा घरी पाहिजे.

१३ मार्च

पहिलीच खेप आणि पहिलाच अपशकुन. सरकीची पोती भरून जिंतूरकडे गेला होता, निम्म्या वाटेवर चढाला गाडीनं मान टाकली. दुसऱ्याच्या ट्रकमध्ये माल काढून द्यावा लागला.

"पहिल्या गिअरमधी बी वढंना, अक्का," रखमा म्हणाला. "मागं बघावं तं निस्ता काळा धूर. मोटरसायकलवाले शिव्या देऊन राह्यले. रिकामी पळती चांगली. वजन पडलं की दम सोडती."

मी म्हटलं, विकणाऱ्यानं आपल्याला चांगलंच बनवलं. तो म्हणाला, "इंजिन झकास हाय. कुठंतरी बारकं दुखणं हाय."

१८ मार्च, पाडवा

गुढी उभारून झाली आणि खाजा मिस्त्री आला. माणूस गोड, पण बोलतो फार, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "गॅरंटी से". एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, आणि "अब देखो, गॅरंटी से" म्हणून रखमाला चढावर पाठवलं. गेला तसा परत आला, धूर सोडत.

मी विचारलं, हा टर्बो म्हणजे असतं तरी काय? रखमानं मला बॉनेटपाशी नेऊन दाखवलं. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, तो सायलेन्सरला जायच्या आधी एक चक्री फिरवतो. ती चक्री बाहेरची हवा दाबून परत इंजिनात घालते. हवा बराबर गेली की डिझेल पुरं जळतं आणि गाडी ओढते. हवा कमी पडली की काळा धूर.

"म्हणजे चुलीच्याच धुरावर फुंकणी चालते म्हण," मी म्हणाले.

खाजा मिस्त्री एवढा हसला की हातातला पाना पडला. "बाईसाब, तुम्ही मास्तरीण उगीच झाल्या!"

पुरणपोळी दोघांनाही वाढली. मिस्त्रीनं चार खाल्ल्या, रखमानं दोन.

२६ मार्च

नोझल आणि पंप जालन्याला तपासायला गेलेत. चार दिवस तरी लागतील, म्हणजे रखमा चार दिवस घरी. देवापुढे साखर ठेवली, गाडी लवकर दुरुस्त होऊ दे म्हणून. ठेवताना मनात आलं, अगदीच घाई नको. आलं ते लिहिलं, खोटं कशाला लिहू?

शाळेतून आले तर यानं भात करून ठेवलेला. चिंचेचा कोळ, शेंगदाणे, कढीपत्त्याची फोडणी. म्हटलं, हे कुठं शिकलास? म्हणे, "तिकडं लाईनीवर खातेत." ढाब्यावर एवढं मन लावून शिकवणारं कोण भेटलं याला कुणास ठाऊक. चांगला झाला होता, मी दोनदा घेतला.

रोज सहा वाजले की पुंजारामच्या एसटीडीवर जातो. निझामाबादच्या पार्ट्यांशी बोलत राहावं लागतं म्हणतो. पुंजाराम मला म्हणाला, "बाई, तुमचा रखमाजी तेलगू असं फाडफाड बोलतो, आमचा बूथ आंध्रात गेला काय असं वाटतं." माझा भाऊ आहेच हुशार. परत येतो तेव्हा मात्र चेहरा उतरलेला असतो. पार्टी बोलत असेल टाकून.

१ एप्रिल

गल्लीतल्या तातेरावच्या पोरानं कर्नाटकातून बायको आणली. जातीचा पत्ता नाही, भाषेचा पत्ता नाही. तातेराव दोन दिवस घराबाहेर पडलेला नाही.

मी जेवताना म्हणाले, "माझ्या घरात असं कुणी केलं तर मी त्याचं तोंड बघणार नाही. लेकरं वाढवताना हाडाची काडं केली ती काय याच्यासाठी?" मी आपली तातेरावच्या बाजूनं बोलत होते. रखमानं अर्धी भाकर तशीच ठेवून हात धुतला. उन्हानं भूक मेली असेल. उद्यापासून ताक करते.

३ एप्रिल

नोझल आले, पंप आला, बसवले. फरक नाही. मग खाजा मिस्त्रीनं पंपाचं डिझेल वाढवलं, गॅरंटी से. आता धूर दुप्पट झालाय.

आज केबिन झाडायला चढले होते. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीत लाल प्लास्टिकच्या चपला सापडल्या, चार-पाच वर्षांच्या पोरीला येतील एवढ्या. ट्रकला दृष्ट लागू नये म्हणून जोडा टांगतात, ते मला माहीत आहे. पण या कोऱ्या!

"अरे येड्या, दृष्टीला फाटका जोडा लागतो. कोरा विकत आणतं का कुणी?"

"राहू दे अक्का तिथंच," तो म्हणाला. मी राहू दिल्या.

द्वारकाबाईंच्या केदारखेड्याच्या भाचीचं स्थळ नक्की बघायचं ठरलं. पोरगी बारावी झालेली, उंच, कामाची. अखितीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, ते लोक आपल्याकडे येतील. रखमाला सांगितलं तर म्हणे, "गाडी चालू होऊ दे, मंग बघू." मी म्हटलं गाडी गाडीच्या जागी, नवरी नवरीच्या जागी.

६ एप्रिल

आज कुरडया घातल्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवला, गोजरबाई सोऱ्या दाबायला आली. गाडी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ऊन चांगलं लागतं, तिथे बाजेवर जुनं पातळ अंथरून ओळीनं घातल्या. पांढऱ्याशुभ्र, बघत राहाव्या अशा.

दुपारी रखमानं गाडी चालू करून बराच वेळ रेस केली, आवाज ऐकायला. संध्याकाळी मी कुरडया उलटायला गेले तर गाडीच्या बाजूच्या दोन ओळींवर काळी काळी टिंबं. जीव असा जळला! आणि मग नवल वाटलं. सायलेन्सरचं तोंड रस्त्याकडे. मग इकडे काजळी आली कुठून? बॉनेटच्या बाजूचा पत्रा काढलेलाच होता. वाकून बघितलं. इंजिनातला धूर ज्या बिडाच्या जाड नळीतून टर्बोच्या चक्रीकडे जातो, तिच्या पोटाला, भिंतीच्या बाजूनं, वीतभर काळा पट्टा उमटलेला. तिथूनच फुसफुसत असणार.

घाण दिसली की माझा हात थांबत नाही. रॉकेलचं फडकं घेतलं आणि पट्टा लख्ख पुसून काढला. काळ्या कुरडया वेगळ्या काढल्या, घरात खायला होतील.

८ एप्रिल

हे लिहू की नको असं झालंय. लिहितेच.

सकाळी खाजा मिस्त्री आला. इंजिन गार, त्यानं बॅटरी मारून सगळीकडे बघितलं. मी चहा घेऊन उभी होते. म्हणाला, "लीक कुठंच न्हाई बाईसाब. धूर लीक असला तर काळा पट्टा पडतो. इथं सब साफ. आता टर्बोच उतरवून जालन्याला पाठवावा लागंल. चक्री घासली असंल."

रखमानं विचारलं, "किती दिवस?"

"पंधरा दिवस धर."

माझ्या तोंडात शब्द आला होता. पट्टा होता, मी पुसला. एवढंच सांगायचं होतं. पण मिस्त्रीनं पंधरा दिवस म्हटलं आणि मी हिशोब केला, अखिती दहा दिवसांवर. गाडी आज चालू झाली तर रखमा उद्या निझामाबादची लाईन धरणार, जवळची भाडी जवळची भाडी म्हणत. मग केदारखेड्याचे लोक कुणाला बघणार? मला?

मी कपबशा घेऊन आत गेले. अखिती झाली की सांगेन. दहा दिवसांनी काय बिघडतंय? गाडी काही पळून जात नाही.

रखमानं मात्र टर्बो पाठवू दिला नाही. म्हणाला, आपण अजून दोन दिवस बघू. संध्याकाळी परत रेस केली.

१२ एप्रिल

तो संध्याकाळी रेस करतो, पट्टा उमटतो, मी शाळेला जायच्या आधी पुसते. मिस्त्री नंतर येतो आणि डोकं खाजवतो. गोजरबाईनं भिंतीवरून बघितलं. म्हणाली, "बाई, लेकराचं तोंड पुसावं तसं पुसून राह्यल्या की." मी म्हटलं, गाडी स्वच्छ ठेवावी माणसानं.

पाप नाही हे. मी काही मोडलेलं नाही, काही काढून फेकलेलं नाही.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. मिरवणुकीची हलगी चौकातून इथपर्यंत ऐकू येत होती. घरात मात्र आमची जुंपली.

रखमा म्हणाला, "अक्का, गाडीचं काय व्हायचं ते हू दे, मी दुसऱ्याच्या गाडीवर एक खेप निझामाबादला जाऊन येतो."

"स्वतःची दारात असताना दुसऱ्याची? आणि चार दिवसांवर पाहुणे!"

"दोन दिवसात वापस येतो ना."

"तुला घर चावतं का रे? महिनाभर माझ्याजवळ राहिलास तर अंगावर काटे आले का?"

तो उंबऱ्यावर जाऊन बसला. मग म्हणाला, "अक्का, एक सांगायचं होतं. लय दिवसाचं."

"पोरगी बघितल्यावर सांग," मी म्हणाले. मला ठाऊक होतं काय सांगणार. शहरात राहायचं, किंवा हुंडा घ्यायचा नाही, असलंच काहीतरी. तो उठून पुंजारामकडे गेला. मी पाहुण्यांसाठी डाळ निवडत बसले. कधी नव्हे ते मला वाटलं की आपण जिंकलो.

१७ एप्रिल

दुपारी पुंजाराम स्वतः पळत आला, निझामाबादहून फोन आहे म्हणून. रखमा तसाच अनवाणी गेला. परत आला तो थेट गाडीत चढला.

"कुठं?"

"ट्रायलला. मिस्त्रीनं पंप पुन्हा सेट केलाय, बघून येतो."

"उद्या पाहुणे येतायत!"

"येतो ना अक्का."

माझ्याकडे बघितलं नाही. गाडी अशी काढली की बाजूला ठेवलेली बाज कलंडली. गावाबाहेरच्या चढावर काळा धूर बराच वेळ उभा होता. त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं, तसंच लांब नेऊ नकोस, नळी फुसफुसतेय. पण मला वाटलं, लांब जाणारच नाही. धूर निघेल, कंटाळेल, परत येईल. आजवर दर ट्रायलला तसंच झालंय.

१८ एप्रिल, अखिती

आला नाही.

केदारखेड्याहून सातजण आले. आमरस, कुरडया, सगळं ताटात, आणि नवरदेवाचा पाट रिकामा. मी सांगितलं, गाडी वाटेत बिघडली. मुलीचा मामा म्हणाला, "बिघडलेल्या गाडीत बसून गेलेच कशाला?" द्वारकाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगावी. जाताना त्यांनी साधं हळदीकुंकू लावून घेतलं नाही.

येऊ दे आता. येऊ दे दारात. तेवीस वर्षं शाळेत शिकवतेय मी, चांगल्या चांगल्यांना वठणीवर आणलंय.

२० एप्रिल

पत्ता नाही. आज एक ओळखीचा ड्रायव्हर सांगून गेला की मोरवाली गाडी जिंतूरच्या पुढे चढावर कडेला उभी आहे, बॉनेट उघडं, आत कुणी नाही. लोकांनी दगड लावून ठेवलेत चाकांना.

रागावू की काळजी करू हेच कळेना. शाळेत फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि उत्तर विसरले.

२३ एप्रिल

रखमा आला. एस.टी.नं आला. मी दारातच सुरू केलं. सात पाहुणे, रिकामा पाट, द्वारकाबाई, माझी अब्रू. माझा दम संपला तेव्हा तो बाजेवर बसला आणि म्हणाला,

"अक्का, मला एक लेक होती."

मला शब्द कळले, अर्थ कळला नाही.

तिच्या आईचं नाव सायम्मा. निझामाबादला विड्या वळते. देवळात लग्न केलं, सहा वर्षं झाली. लेक चार वर्षांची. तिला ताप आला, तापात झटके आले, तिथले डॉक्टर म्हणाले हैदराबादला न्या. सायम्मानं फोन केला.

"बशीनं गेलो असतो तं पोचलो असतो," रखमा म्हणाला. "पर मला वाटलं, गाडी नेली की तिला तसंच केबिनमधी निजवून हैदराबादला नेता येईल. आन तुला सांगायला बी काही लागंल ना, मंग ट्रायल म्हणलो. माझीच अक्कल. जिंतूरच्या पुढं चढाला बसली. तळापर्यंत दाबलं तरी वढंना. पाणी उकळलं. लय हात केले, कोणी गाडी थांबवंना. रातभर तिथंच. सकाळच्याला गेली ती. मी दुपारी पोचलो."

मी विचारलं, नाव काय होतं तिचं? हेच का विचारलं कुणास ठाऊक. तोंडातून तेच निघालं.

"नाव न्हाई ठेवलं. चिन्नी म्हणायचो. तिकडं बारक्या पोरीला म्हणतेत तसं." तो रडत नव्हता, पण बोलताना मधे मधे थांबत होता. "नाव आत्यानं ठेवायचं असतंय ना. मी सायम्माला म्हणलो, घरी नेतो, अक्का नाव ठेवल, मंग शाळेत घालू. ह्या वर्षी सांगू, त्या वर्षी सांगू. तुझं समदं आयुष्य माझ्यापायी गेलं, कोणत्या तोंडानं सांगू की मी तिकडं संसार मांडला? तिला मराठीत एकच गोष्ट शिकवली होती. 'आत्या, जेवलीस का?' येता-जाता म्हणायची. कुत्र्याला बी म्हणायची."

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. या गल्लीतल्या किती बारशांना मी दुसऱ्यांच्या पाठीत हसत हसत धपाटे घातले. चार वर्षं मी आत्या होते. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी सांगू देत नव्हते.

२५ एप्रिल

गाडी ओढून आणली. दारात उभी आहे.

रखमा म्हणतो, "इकून टाकू. तिच्याकडं बघवत न्हाई." स्वतःलाच दोष देतोय. बसनं गेलो असतो तर, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. मी त्याच्या पुढ्यात ताट ठेवते आणि तो दोन घास खातो आणि म्हणतो, "तू जेव, अक्का." कुठेही जायचं म्हणत नाही. सायम्माला इकडे आणायचं का विचारलं तर मान हलवली, बघू म्हणाला. दिवसभर घरीच आहे.

मला जे पाहिजे होतं ते मिळालंय. देवा, मला हे असं नको होतं.

त्याला सांगावं का? त्यानं स्वतःला खायचं थांबवावं म्हणून तरी सांगायला पाहिजे. सांगितलं तर तो जाईल. नाही सांगितलं तर आयुष्यभर त्या चढावर उभा राहील. सकाळी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा, भाजी काय करू, असं विचारलं.

२९ एप्रिल

विकायची तरी चालू करून विकू, म्हणून खाजा मिस्त्रीला बोलावलं. या वेळी त्यानं बिडाची ती नळीच पूर्ण उतरवली आणि उन्हात धरली. पोटाला तडा. नख जाईल एवढा. गरम झाला की उघडत असणार.

"या अल्ला," तो म्हणाला. "धूर इथूनच जात होता. चक्रीला जोरच न्हाई मिळाला. पर इतना बडा तडा, आन काळं कसं नाही पडलं? मी रोज बघत होतो. रोज साफ!"

गोजरबाई ताक द्यायला आली होती. तिला वाटलं माझं कौतुक करायची हीच वेळ. दुःखाच्या घरात दोन गोड शब्द बोलावेत म्हणून बिचारी म्हणाली, "काळं कसं दिसंल मिस्त्री? आमच्या बाई रोज सकाळी रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढीत होत्या. भावाच्या गाडीची अशी सेवा मी कोणाला करताना न्हाई बघितली."

मिस्त्री मान खाली घालून नळी फडक्यात गुंडाळायला लागला. त्याला सगळं कळलं होतं.

रखमा माझ्याकडे बघत होता. "रोज?" त्यानं विचारलं.

"हो."

"मिस्त्री म्हणाला होता काळं पडलं की लीक असती. तू व्हतीस तिथं. चहा घेऊन."

"होते."

"मंग?"

मी काय सांगणार होते? की तू घरी राहावास म्हणून? ते त्याला माझ्या तोंडून ऐकायची गरज नव्हती. त्याला जेवढी मी माहीत आहे तेवढी कुणालाच नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं साबण मागितला, हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि धुऊन झाल्यावरही धूत राहिला.

गोजरबाई मला विचारत होती, "काय चुकलं का वो माझं, बाई?" मी म्हटलं नाही, तुझं काही नाही चुकलं.

३ मे

जालन्याहून दुसरी नळी आणून मिस्त्रीनं बसवली. मजुरी घेतली नाही. या दिवसांत रखमा माझ्याशी बोलला नाही असं नाही. मीठ दे, पाणी गरम झालं का, सगळं बोलला. तेच जास्त लागलं.

आज ढेपीची पोती भरून निझामाबादचं भाडं घेतलं. कपड्यांची पिशवी आधीच केबिनमध्ये होती. आईचा फोटो मी काढून द्यायला गेले तर म्हणाला, "राहू दे, तुला लागंल."

मी म्हणाले, "मला ने रखमा. एकदा सायम्माकडे ने. मी तिच्या पाया पडते."

"नको, अक्का."

"तिच्या दारात बसून राहीन. आत नाही येणार."

त्यानं पोत्यांवरची दोरी ओढून बघितली. मग म्हणाला, "ती मला फोनवर रोज इचारती, गाडी का बंद पडली. तू आलीस तं मला सांगावं लागंल. न्हाई सांगितलं तं तिच्यासंग खोटं बोलावं लागंल. दोन्ही मला व्हायचं न्हाई."

वाकून माझ्या पायाला हात लावला. लहानपणी शाळेत जाताना लावायचा, तसाच. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तोवर तो उभा राहिला होता.

गाडी चालू झाली. आवाजच वेगळा होता, आतून बारीक शीळ येत होती. मिस्त्री त्याला टर्बो बोलतो म्हणतात. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. भरलेल्या पोत्यांनिशी ती गावाबाहेरच्या चढाला लागली आणि एकदाही न अडखळता चढत गेली. इतके दिवस धुरामागे गाडी दिसेनाशी व्हायची. आज धूर नव्हता, त्यामुळे ती अगदी शेवटपर्यंत दिसत राहिली.